कमानीवरचा शिक्का

कांचघर, जबलपूर
११ जुलै १९६५

ति. नीलकंठदादास,
शि. सा. नमस्कार.

मामंजींच्या तेराव्याला तुला येता आलं नाही, त्याचा राग नाही. पण आता सांगते ते काम केलं नाहीस तर मात्र येईल. परवा मामंजींची लोखंडी ट्रंक उघडली. आम्हाला वाटलं जुनी कागदपत्रं असतील, फार तर एखादी मोहर. निघालं काय, तर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. आमची बेबी किंचाळली, मी झाकण आपटलं, आणि हे मात्र जमिनीवर मांडी घालून बसले आणि तासभर उठलेच नाहीत. सतरा वर्षं तोफांच्या फॅक्टरीत तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात गेली. ती सवय घरी वरणाच्या वाटीपर्यंत येते, मग रिव्हॉल्व्हर कसं सुटणार.

ते कुठून आलं याच्या घरात दोन कथा आहेत. सासूबाई सांगायच्या, सत्तावनच्या गदरच्या वेळी एका साहेबाने खापरपणजोबांना बक्षीस दिलं. मामंजी म्हणायचे, बक्षीस कसलं, साहेबाचं पळवलं. तू भय्यासाहेबांचा सगळा शस्त्रसंग्रह सांभाळतोस, सरकारी शिक्क्याचा मूल्यकर्ता आहेस, तेव्हा तूच सांग. यांनी घेतलेली मोजमापं वेगळ्या कागदावर आहेत. नळीवरच्या खुणांवर कागद ठेवून मी पेन्सिल घासली, तोही कागद सोबत आहे. नळी आठ कोनांची. पाच गोळ्यांचं चक्र, त्याच्या मागे पाच बारीक बोंडं. मुठीच्या आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटलेली आहे, म्हणून घोडा लुळा पडतो.

किती जुनं, किंमत काय आणि लायसन लागेल का, एवढं कळव. नेपियर टाऊनचे बापूसाहेब जुन्या वस्तू विकत घेतात. विकून जे येईल त्यातून मला शिलाई मशीन हवं आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
विनता


महाल, नागपूर
१९ जुलै १९६५

चि. विनतास,
अनेक आशीर्वाद.

मामाची पोर इतकी नीट खुणा उतरवील असं वाटलं नव्हतं. लहानपणी तुला सरळ रेघ मारता येत नव्हती.

तुझ्या कागदावर मुकुट आहे आणि त्याखाली एकमेकींवर आडव्या दोन काठ्या. ही बर्मिंगहॅमची तपासणीची खूण. मागची बोंडं म्हणजे टोपीचं हत्यार, काडतुसाचं नव्हे. पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि बोंडावर ठिणगीची टोपी बसवायची. काडतुसं आल्यावर हा प्रकार मागे पडला. घोड्याला वर अंगठ्याने ओढायची शेपटी नाही असं शैलेंद्ररावांनी लिहिलं आहे, त्यावरून मी १८५४ ते १८५८ म्हणतो. तुझ्या सासरच्या दोन्ही कथांना या तारखा चालतात.

लायसनची काळजी नको. नव्या कायद्यात जुनाट आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्याराला सूट आहे. तसा दाखला सही-शिक्क्यानिशी सोबत पाठवतो. खरं म्हणजे वस्तू हातात घेतल्याशिवाय दाखला द्यायचा नसतो. पण शैलेंद्ररावांची मापं म्हणजे माझ्या डोळ्यांपेक्षा खात्रीची, आणि तू काही परकी नाहीस.

किंमत साडेतीनशे. चालू असतं तर हौशी माणसाने दुप्पट दिली असती, पण अशी कमान आता कोणाच्या हातून व्हायची नाही. साडेतीनशेत मशीन येतं, घे आणि सुखी हो.

तुझा,
नीलकंठ


कांचघर, जबलपूर
२४ ऑगस्ट १९६५

ति. नीलकंठदादास,
शि. सा. नमस्कार.

उत्तराला महिना लागला, माफ कर. दाखला मिळाला. तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खापरपणजोबा चोर ठरले नाहीत याचं बेबीला वाईट वाटलं.

इकडे बरं आहे. फॅक्टरीत काम वाढलं आहे, काश्मीरकडे काहीतरी चाललं आहे म्हणतात. हे घरी आले की चहा घेऊन परसात जातात ते दिवेलागणीपर्यंत तिकडेच. सिगडी मला स्वयंपाकाला मिळत नाही. बापूसाहेबांना निरोप दिला आहे, येत्या आठवड्यात येऊन नेतील.

एक सहज विचारते. समजा अशा जुन्या हत्याराची कोणी दुरुस्ती केली, तर तुझ्या दाखल्याला काही बाधा येते का? आपलं माहिती असावी म्हणून.

विनता


महाल, नागपूर
३० ऑगस्ट १९६५

चि. विनतास,
आशीर्वाद.

तुझी सहज चौकशी वाचून लगेच लिहायला बसलो. बापूसाहेबांच्या मनात काय आहे ते मला कळलं. अशी हौशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. विकत घ्यायचं आणि कुठल्यातरी लोहाराकडून चालू करून मिरवायचं. त्यांना स्पष्ट सांग की हात लावायचा नाही. ते चालू झालं की माझा दाखला खोटा ठरतो, आणि ज्याच्या घरात सापडेल तो विनापरवाना हत्यार बाळगणारा. दोघांनाही तुरुंग आहे. माझी तर सनदही जाईल, भय्यासाहेब दुसऱ्या दिवशी मला संग्रहाच्या किल्ल्या मागतील. पंचवीस वर्षांत मी एकच दाखला न बघता दिला, तो तुझा.

शैलेंद्ररावांनी लक्ष ठेवावं. ते शहाणे आहेत.

नीलकंठ


कांचघर, जबलपूर
१२ सप्टेंबर १९६५

दादा,

हे पत्र टपालाने टाकायची हिंमत झाली नाही. रेल्वेतले मुरलीधर भावजी नागपूरला येत आहेत, त्यांच्या हाती देते. त्यांना आत काय आहे ते ठाऊक नाही.

बापूसाहेबांनी काही केलेलं नाही. दुरुस्ती यांनी केली.

तुझ्या दाखल्यातल्या त्या एका वाक्याने यांना डिवचलं. ‘दुरुस्तीनेही न चालणारे.’ आठ दिवस तेच म्हणत होते. तुटलेली वस्तू तुटकी ठेवणं यांना जमतच नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. टांगेवाल्याकडून मोडक्या कमानीचा तुकडा आणला आणि परसात कानस घेऊन बसले. सिगडीवर लाल करून तेलात बुडवली. दोनदा तडकली. तिसरी डब्यात घालून फॅक्टरीत नेली आणि तिथल्या भट्टीत तिला पाणी दिलं. मग तिथल्याच आपल्या टेबलावर वाकवून पाहिली, मोजली, बरोबर आली. आणि दादा, पुढचं ऐक. बरोबर आलेल्या प्रत्येक तुकड्यावर हे आपला शिक्का मारतात. त्रिकोण आणि त्यात एक्केचाळीस. सतरा वर्षांत हजारो वेळा मारला असेल. शिक्क्याचा पंच हातात होता, हातोडी शेजारी होती. शिक्का मारून झाल्यावर यांना कळलं की हा तुकडा फॅक्टरीचा नाही.

घासून काढा म्हणून मी पाया पडले. नाही म्हणाले. पास झालेल्या मालावरचा शिक्का घासणं म्हणजे त्यांच्या खात्यात चोरीहून वाईट. आत मुठीखाली कोण बघतंय, म्हणाले. कमान बसवली, मूठ लावली. एकतीस तारखेला बापूसाहेब ते आणि दाखला घेऊन गेले. तुझं तीस तारखेचं पत्र इथे तीनला पोचलं.

मग लढाई लागली. आता घराच्या काचांना कागद चिकटवले आहेत. फॅक्टरीच्या गेटवर पगडीपासून चपलेपर्यंत झडती होते. मागल्या मंगळवारी एकाच्या खिशात पितळेचा कीस सापडला, त्याला गाडीत घालून नेलं ते अजून परत नाही. बापूसाहेब घाबरले आणि नको ही ब्याद म्हणून रिव्हॉल्व्हर दाखल्यासकट ठाण्यात देऊन आले. तिथल्या मुन्शीने चाप ओढला तर घोडा खाडकन पडला. ‘ये तो चलता है’ म्हणाला. आता ते तपासायला फॅक्टरीत येणार आहे. यांच्याच खात्यात.

सायकल दारात थांबली तरी मी आधी कडी लावते. काय करू ते सांग.

विनता


नागपूर
१६ सप्टेंबर १९६५

विनता,

मुरलीधरांना चहासुद्धा विचारला नाही, तसेच परत पाठवले. हे आणि यापुढची पत्रं तेच गाडीने नेतील-आणतील. दार लावून पत्र दोनदा वाचलं. मग जाळलं. माझी सगळी पत्रं तूही जाळ, आजच.

तुम्ही दोघांनी माझ्या गळ्यात फास अडकवला आहे. हे लिहू नये, पण लिहितो, कारण मला राग आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. लढाईच्या दिवसांत फॅक्टरीचा शिक्का असलेला भाग खाजगी पिस्तुलात सापडला, तर तो टांग्याच्या लोखंडाचा होता हे कोण ऐकून घेणार? भट्टी सरकारची, वेळ सरकारचा, शिक्का सरकारचा. आणि वर माझा दाखला की हे चालूच शकत नाही. दोघांनी मिळून केलं असंच दिसणार.

मी वस्तू पाहिली नव्हती हे कोणाला सांगू नकोस. कोणी विचारलं तर मी जुलैत दोन दिवस तुमच्याकडे येऊन गेलो असं सांग. बेबीलाही पढवून ठेव. शैलेंद्ररावांनी तोंड उघडू नये. शिक्का कोणाचा म्हटलं तर माहीत नाही म्हणायचं.

आज संग्रहातल्या तलवारी पुसायला काढल्या आणि तशाच परत ठेवल्या. 

नीलकंठ


कांचघर, जबलपूर
२५ सप्टेंबर १९६५

ति. दादास,
नमस्कार.

लढाई थांबली असं परवा रेडिओवर सांगितलं. शेजारी पेढे वाटले. आमच्या घरात ते वाटीत तसेच पडून आहेत.

काल ते उघडलं. जसं घडलं तसं यांनी मला सांगितलं, तसंच लिहिते. ठाण्याचे इन्स्पेक्टर स्वतः आले होते. तपासणीला फोरमन बळीराम बसले. हेच ते बळीराम, ज्यांच्या हाताखाली हे शिकले आणि ज्यांनी सतरा वर्षांपूर्वी एक्केचाळीस नंबरचा पंच यांच्या हातात ठेवला. हे चार हातांवर आपल्या टेबलाशी उभे होते. बळीरामांनी मूठ सोडवली, कमान चिमट्यात धरून उजेडात नेली आणि भिंग लावलं. म्हणे, भिंग डोळ्यावरून काढायला त्यांनी फार वेळ घेतला.  इन्स्पेक्टरने विचारलं की हा शिक्का कुठला.

बळीराम म्हणाले, “निशान पुराना लगता है, साहब. विलायती होगा. जिसने दाखला दिया है, उसी से पूछ लीजिए.”

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खोटं बोलला असेल. नंतर नळावर हात धुताना यांच्याकडे न बघता म्हणाले, “अब तेरे नागपुरवाले के हाथ में है.” त्या क्षणापासून हे जेवलेले नाहीत. पकडले जाण्याची भीती आहेच, पण बळीरामांना आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं हे त्यांना जास्त लागलं आहे.

रिव्हॉल्व्हर मोहोरबंद करून तुझ्याकडे येत आहे. प्रत्येक भाग कधीचा आणि तो शिक्का कुठला ते तुला लिहून द्यायचं आहे. तुझी पत्रं मी जाळली. एक सोडून. जुलैचं पहिलं जाळवलं नाही.

विनता


नागपूर
२९ सप्टेंबर १९६५

चि. विनतास,
आशीर्वाद.

काल एक शिपाई पेटी देऊन गेला. आठ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. ज्याच्यावर मी सही केली, ते हत्यार आज पहिल्यांदा हातात घेतलं.

कमान पाहिली. मला कामातलं कळतं, म्हणून सांगतो. पंचवीस वर्षांत इतकी सुरेख बसलेली कमान मी पाहिलेली नाही. १८५५ च्या कारागिराने केली असती तरी याहून चांगली झाली नसती. माझं वाक्य शैलेंद्ररावांनी खोटं पाडलं, आणि किती व्यवस्थित पाडलं. शिक्काही स्वच्छ उठला आहे. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे दिसतात.

आता नीट वाच. मी असं लिहिणार आहे की कमान १८६० च्या सुमारास इंग्रज कारागिराने बदललेली असून शिक्का त्याच्या पेढीचा आहे. या विषयात इकडे माझ्या शब्दाला दुसरा कोणी आव्हान देणार नाही. दाखला देताना घोडा गंजून बसला होता, तो नंतर तेलपाणी झाल्याने सुटला, असंही घालतो. म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही. फक्त एक करायचं. तो पंच हे पत्र मिळताच नर्मदेत टाकायचा, आणि हरवला म्हणून फॅक्टरीत अर्ज द्यायचा. पंच हाती लागला आणि कोणी ताडून पाहिला, तर सगळं संपलं.

मी भित्रा आहे, विनता. हे तुझ्यासाठी करतो असं लिहिणार होतो, पण निम्मं माझ्यासाठी आहे. सोमवारी अहवाल टपालात टाकीन. त्याआधी पंच टाकल्याचं कळव.

नीलकंठ


कांचघर, जबलपूर
२ ऑक्टोबर १९६५

ति. नीलकंठदादास,
शि. सा. नमस्कार.

आज गांधी जयंतीची सुट्टी आहे, पण फॅक्टरी चालू आहे. तुझं पत्र काल संध्याकाळी आलं आणि मी ते यांना दाखवलं. दाखवायला नको होतं असं तू म्हणशील. मी आता काही लपवायच्या अवस्थेत राहिले नाही.

कमान चांगली बसली आहे असं तू लिहिलंस, तिथे ते थांबले. तो भाग दोनदा वाचला. पुढचं एकदाच वाचलं, आणि पत्राची घडी घालून माझ्याजवळ दिलं. आज सकाळी अंघोळ केली, पूजा केली, गेटवर नोंदवून रोज घरी आणतात तो पंच रुमालात बांधून खिशात घातला आणि सायकल काढली. मला वाटलं नर्मदेवर चालले. ग्वारीघाटाकडे न वळता फॅक्टरीच्या रस्त्याला लागले, तेव्हा मी धावत जाऊन सायकलचं कॅरियर धरलं. रस्त्यात, शेजारणींच्या देखत.

ते म्हणाले, “मी सुपरिंटेंडेंट साहेबांकडे जाऊन राहिलो. बळीरामभैया माझ्यासाठी खोटं बोलले, आता नीलकंठराव लिहिणार. उद्या मी एखाद्या तोफेच्या भागावर शिक्का मारीन, तो खरा आहे हे कोण मानील?”

तेव्हा मी ते सांगितलं, जे तुलाही आजवर सांगितलेलं नाही. मुरलीधर भावजींच्या हाती दिलेल्या पहिल्या पत्रात मी सगळा दोष तुझ्या वाक्यावर टाकला. यांनी आठ दिवस कुरकुर केली हे खरं, पण नंतर सोडून दिलं होतं. ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं होतं. मीच किल्ली आणून दिली. साडेतीनशेचे सातशे होतात हे माझ्या डोक्यातून जाईना. मी म्हणाले होते, दिवसभर देशाच्या तोफा पास करता आणि घरचं एक नळकांडं चालवता येत नाही? दादा, असं बोलले मी. एका मशीनसाठी. आज रस्त्यात यांना तेच सांगितलं आणि मी म्हणाले की साहेबांना सांगा, बायकोने करायला लावलं, मी येते सोबत. ते म्हणाले, “माहीत आहे मला. पण पंच तुझ्या हातात नव्हता.” माझी बोटं एक एक करून कॅरियरवरून सोडवली आणि गेले.

दहा वाजले, अकरा वाजले. बेबीला शाळेतल्या जयंतीच्या कार्यक्रमाहून आणायला मी गेले नाही, ती आपली आली. चार वाजता भोंगा झाला. समोरचे लोक परतले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. मी हे पत्र उंबऱ्याशी बसून लिहिते आहे. मला फार भीती वाटते आहे, दादा. यांना मारतील का, बेबीच्या बापाला बेड्या घालून रस्त्याने नेतील का, हेच डोळ्यांपुढे येतं.

साडेपाच वाजता.

आले. बेड्या नाहीत. बरोबर इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई आहेत, घराची झडती चालू आहे; तुझी पत्रं माझ्या पदरात बांधलेली आहेत. परसातून सिगडी, कानस आणि तडकलेल्या दोन कमानी त्यांनी कागदात बांधल्या. टांगेवाल्याचं नावही यांनी लिहून दिलं. त्या दोन तडकलेल्या तुकड्यांवर शिक्का नाही, हे यांनी इन्स्पेक्टरला दोनदा दाखवलं, आणि तो जरा मऊ झालेला दिसला. तरी कामावरून आजपासून काढलं आहे, आणि पुढे खटला होईलच. आता ठाण्यात नेणार. कपडे भरून देते आहे. पत्रातलं हे शेवटचं यांच्यासमोर लिहिते, कारण ते तुला निरोप द्यायचा म्हणून थांबले आहेत.

तू काय लिहिणार आहेस ते यांनी कोणाला सांगितलेलं नाही. तू हत्यार न पाहता दाखला दिलास, तेही नाही. इन्स्पेक्टरने तुझ्याबद्दल तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हे गप्प राहिले. मी विचारलं, दादाला काय कळवू?

म्हणाले, “कमानीची तारीख खरी घाला म्हणावं, ऑगस्ट पासष्ट. त्यांच्या दाखल्यावरच्या शिक्क्याचं मी काही बोललो नाही. तो त्यांचा आहे, त्यांनीच सांगावा.”

विनता